आधी हवा, मग माणूस

पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी मी मरायचा होतो.
मेला दत्तादादा.

दादा आमच्या गावचा, तळ्याकडचा. मुंबईच्या गोदीत युद्धनौकांच्या पोटात वेल्डिंग करायचा. मीही त्याच्याच हाताखाली लागलो; वेल्डिंगचा टॉर्च धरायला त्यानेच शिकवलं. शिव्याही त्याच्याच खाल्ल्या.

शेवटी ज्या नौकेवर आम्ही काम करत होतो, तिचं त्याला भारी कौतुक. गावी आला की सुरू, "एवढं धूड हाय, पण दुश्मनाच्या रडारवर होडीएवढं दिसतंय!" मिसाइल कुठून सुटतं तेही हातवारे करून सांगायचा.
"दादा, सिक्रेट असतं ते."
"गप रे. पेपरात आलंय."

पण टाकीच्या तोंडाशी हा माणूस बदलायचा.

नौकेच्या तळाशी बंद टाक्या असतात. एक जण आत, एक बाहेर. बाहेरच्याने हातोडीने तीन ठोके द्यायचे, आतल्याने दोन. उत्तर आलं नाही तर आधी पंखा लावायचा. आत कुणीही उतरायचं नाही.
"सख्खा भाऊ पडला तरी न्हाय! आधी हवा, मग माणूस." रोज सकाळी हेच. आम्हाला कंटाळा यायचा.

त्या दिवशी जेवायला वर येताना मी आर्गॉनचा कॉक बंद केला नाही.

विसरलो नाही. केला नाही.

वेल्डिंगच्या जोडाला आतून हा गॅस भरून ठेवावा लागतो. बंद केला की परत भरण्यात तास जातो, आणि नौका पाण्यात उतरवायची तारीख डोक्यावर होती. म्हटलं, अर्ध्या तासात काय होतंय.

आर्गॉनला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, तळाशी साचतो आणि श्वासाची हवा हटवतो.

जेवून आल्यावर दादाने विचारलं, "कॉक बंद केला व्हतास ना?"
"व्हय."
त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

मी टाकीत उतरलो. शिडीची शेवटची पायरी आठवते. पुढचं वरच्यांनी सांगितलं.

दादाने तीन ठोके दिले. परत तीन. मग ओरडला, "पंखा आणा रे!" आणि पंखा यायच्या आत श्वास रोखून स्वतःच उतरला. माझ्या काखेत दोरी बांधली. वरच्यांनी मला ओढून घेतलं.
दोरी परत सोडली, ती कुणी धरलीच नाही.

चौकशीत आलं, नियम मोडून उतरला, स्वतःच्या चुकीने गेला. गॅस कुठूनतरी गळला असेल.
मला विचारलं. म्हटलं, आठवत नाही.
सगळं आठवत होतं.

गावाने दादाच्या बायकोला, वहिनीला, पाच वर्षं ऐकवलं, "शहाणा माणूस, पण आपल्या हाताने गेला." मी तिथेच बसून चहा पीत होतो.

मागच्या रविवारी नागावला एका लग्नात वहिनी भेटली. किनाऱ्यावर पोरं बनाना राइडसाठी ओरडत होती. लांब पाण्यात तीच राखाडी नौका. लोक फोटो काढत होते.

"भावजी, ह्यांचीच ना ती?"
"व्हय."
मग म्हणाली, "आतल्या पोरांना आता हवा असंल ना?"



आज सकाळी वहिनीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. बरोबर केलं.

आता गाववाल्यांनो, तुम्ही वाचा. चूक दादाची नव्हती. कॉक मी उघडा ठेवला, खोटंही मीच बोललो. तिला परत काही बोलाल तर आधी माझ्याकडे या.

दादा, तुझा नियम बरोबर होता. माझ्यासाठी मोडायला नको होतास.

तुला नमस्कार करायची माझी लायकी नाही. तरी करतो.