देशाचं सुतक

देशात कोणी मोठं माणूस गेलं की कॉलेजचा शिपाई मल्लाप्पा सायकल मारत आधी नरसिंहरावांच्या घरी यायचा. प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप दर वेळी एकच असायचा: शोकाचा ठराव लिहून आणा. नरसिंहराव बसवनगुडीतल्या एका खाजगी कॉलेजात तर्कशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, पण मुलांमध्ये त्यांची ख्याती शोकसभेचे सर म्हणूनच होती. आवाज खर्जातला, चेहरा जन्मतःच पडलेला, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही शुद्ध. या कामाला आणखी काय लागतं? "या दुःखद प्रसंगी" असं ते म्हणाले की ऐकणारा निदान घड्याळाकडे बघायचं थांबायचा.

त्यांचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग इकडे कन्नड मुलखात आलेलं. तीनशे वर्षांत घरातली मराठी इतकी बदलली होती की पुण्याचा पाहुणा आला तर निम्मी त्याला कळायची नाही आणि उरलेल्या निम्मीवर तो हसायचा. नरसिंहरावांना त्याचं काही वाटत नसे. माणसाला वाईट वाटण्याची एक शिल्लक असते, आणि त्यांची ठरावांतच संपत आली होती.

शोकसभेचा रिवाज ठरलेला होता. अंगणात मुलं उभी करायची, ठराव वाचायचा, दोन मिनिटं शांतता, मग सुट्टी. दोन मिनिटं भरायच्या आतच मागच्या रांगेतून सायकलींच्या कुलपांची खटखट सुरू व्हायची. थिएटरं उघडी असली तर मॅटिनी, बंद असली तर लालबागेत झाडाखाली लोळणं आणि वाटेत मसाला दोसा. नरसिंहराव ठरावाचा कागद घडी करून खिशात घालायचे आणि छत्री शोधायला लागायचे. पोरांवर रागवण्यात अर्थ नव्हता. पोटात दुःख नसलं तर ते आणायचं कुठून?

एकदा त्यांनी ते आणायचा प्रयत्न केला होता. चीनने हल्ला केला त्या साली त्यांनी आपला खर्ज सोडून असं काही तापून भाषण केलं की पोरं पेटली. मिरवणूक निघाली, आणि ती कँटोन्मेंटात जाऊन एका चिनी दंतवैद्याच्या दवाखान्यावर दगड मारून परत आली. त्या वैद्यानं नरसिंहरावांच्या आईची कवळी बनवली होती. जन्म इथला, कन्नड तर पोरांपेक्षा बरं बोलायचा. दुसऱ्या दिवशी नरसिंहराव तिकडे गेले तेव्हा तो काचा वेचत होता. "आईंची कवळी टोचत नाही ना आता?" असं त्यानं विचारलं. नरसिंहराव "नाही" म्हणाले आणि तसेच परत आले. त्यानंतर पुन्हा ते साध्या ठरावावर आले ते आलेच.

सहासष्टच्या जानेवारीत मात्र वेगळं घडलं. धान्याची टंचाई होती आणि पंतप्रधानांनी देशाला सांगितलं होतं, सोमवारी रात्री जेवू नका. अहल्याबाईंनी, म्हणजे नरसिंहरावांच्या पत्नीनं, ते अगदी एकादशीसारखं पाळलं होतं. त्या सोमवारीही घरात चूल पेटली नाही. मंगळवारी सकाळी रेडिओवर बातमी आली की पंतप्रधान ताश्कंदला रात्रीच वारले. नरसिंहराव रिकाम्या पोटी ऐकत बसले. त्या माणसासाठी आपण उपाशी होतो आणि तो गेलासुद्धा, हे त्यांना फार लागलं. तेवढ्यात बाहेर मल्लाप्पाच्या सायकलची घंटा वाजली.

सभा झाली, ठराव झाला, शांतता झाली. मागे कुलपं खटखटली. प्रिन्सिपॉल सुट्टी जाहीर करायला उठणार, तोच नरसिंहराव पुन्हा बोलायला लागले. आवाज चढला नव्हता. उलट दमलेलाच होता.

"घरातलं माणूस गेलं तर आपण दहा दिवस सुतक धरतो. सण नाही, गोडधोड नाही. देशाचा कर्ता गेला तर दोन मिनिटं आणि दोसा. ज्याला खरंच वाईट वाटतंय त्यानं दहा दिवस धरावं. मी धरणार आहे. कॉलेजच्या मागे उदबत्ती वळणाऱ्या बायका राहतात. धान्याच्या दुकानापुढं रांगेत उभं राहण्यात त्यांचा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. चार वाजता आपण त्यांच्या जागी उभं राहू. मग मैदानात बसून प्रत्येकानं काय पाहिलं तेवढं सांगायचं. मत नको. पाहिलेलं."

चाळीसेक पोरं आली. नरसिंहरावांना चार येतील असं वाटलं होतं. पोरं पिशव्या घेऊन उभी राहिली आणि बायका दारातून त्यांच्याकडे बघून हसल्या. गंगव्वा म्हणून बेळगावकडची एक वयस्क बाई होती, ती म्हणाली, "मास्तर, ही पोरं तांदूळ घेऊन पळणार न्हाईत नव्हं?" संध्याकाळी सगळे मैदानात गोल करून बसले. मग उमाकांत नावाचा पहिल्या वर्षाचा एक मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, आमच्या घरचा गडी रांगेत होता. आमच्या घरासाठी. मी त्याच्यापुढं उभा होतो." बाकीचे गप्प झाले. ती शांतता दोन मिनिटांपेक्षा बरीच मोठी होती, आणि कुणी कुलपाला हात लावला नाही. नरसिंहरावांना तिथंच रडू येईल की काय असं वाटलं.

घरी आले तर अहल्याबाई विस्तवासमोर परात घेऊन बसल्या होत्या. परातीत तीळ होते आणि त्यांच्यावर थेंब थेंब पाक सोडत त्या बोटांनी ते फिरवत होत्या. थंडी चांगली पडली होती, हलव्याला काटा सुरेख येत होता. बोटांची टोकं भाजून लाल झाली होती. शुक्रवारी संक्रांत, आणि लेकीची, क्षमाची, लग्नानंतरची पहिली. काळी चंद्रकळा येऊन पडली होती. हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी, सगळं ओवायचं होतं. आसपासच्या कन्नड घरांत नुसतं एळ्ळू, म्हणजे तीळ-गूळ-खोबरं वाटतात. हे दागिने करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. क्षमाच्या सासूबाई आपल्या मैत्रिणींसकट येणार होत्या.

नरसिंहरावांनी काय बोलून आलो ते सांगितलं. अहल्याबाईंचा हात थांबला नाही.

"सुतक काय घ्यायची वस्तू आहे? ते लागतं. गोत्रातलं माणूस गेलं तर लागतं."

"मी सगळ्या कॉलेजसमोर बोललोय."

"तुम्ही बोललात. माझ्या परातीनं ऐकलं नाही." तीळ फिरवत त्या पुढे म्हणाल्या, "आणि सुतक एकट्याचं नसतं. एकाचं घरभर होतं. खरं असेल तर माझ्या क्षमाची संक्रांत नाही. संक्रांत झाली तर तुमचं खोटं. स्वल्प विचार करा, तर्क शिकवता ना?"

वीस वर्षं तर्क शिकवून नरसिंहरावांना या कोंडीतून वाट दिसेना. बुधवारी क्षमा माहेरी आली. तिला कळलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "अण्णा, तुम्ही म्हणाल तसं." ती भांडली असती तर बरं झालं असतं. पहिली संक्रांत चुकली हे सासरी जन्मभर ऐकावं लागतं, हे तिला ठाऊक होतं, आणि नरसिंहरावांनाही.

त्या संध्याकाळी रांगेत पोरं निम्मीच होती. घरोघर आया चिडल्या होत्या: जिवंत घरात सुतक धरून बसलाय मेला पोरगा, एळ्ळू घेत नाही! पण कहर गुरुवारी सकाळी झाला. उमाकांतचे वडील आप्पाजीराव, हायकोर्टातले वकील, नरसिंहरावांच्या दारात येऊन उभे राहिले. काळा कोट अंगात आणि चेहरा कोटासारखा. मागे उमाकांत होता. त्याचं डोकं तुळतुळीत होतं.

"मास्तर," आप्पाजीराव म्हणाले, "माझ्याकडे नीट बघा. मी जिवंत आहे!"

झालं होतं ते असं. उमाकांतनं जन्मात घरातलं मरण पाहिलं नव्हतं. सुतक म्हटल्यावर केस काढतात एवढंच त्याला माहीत होतं. ते कुणी, कधी आणि कुणाचा बाप गेल्यावर काढायचे हे त्यानं कुणाला विचारलं नाही. गांधीबझारातल्या न्हाव्यानंही विचारलं नाही, उलट हळहळत वस्तरा चालवला. घरी गेल्यावर आई त्याला बघून मटकन खाली बसली. आणि आदल्या रात्रीपासून आप्पाजीरावांच्या दाराशी माणसं सांत्वनाला येत होती, आणि दार खुद्द आप्पाजीराव उघडत होते.

नरसिंहरावांना हसू आलं नाही. उमाकांत मान खाली घालून उभा होता, पण त्याच्या तोंडावर पश्चात्ताप दिसत नव्हता. अहल्याबाई आतून बाहेर आल्या, त्या डोक्याकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि परत गेल्या. आत परात पुन्हा वाजायला लागली.

दुपारी प्रिन्सिपॉलनी बोलावून सांगितलं की पालकांच्या तक्रारी आल्यात, जरा आवरा. एवढं निमित्त पुरलं. खरं तर नरसिंहराव आदल्या दिवशीच हरले होते, क्षमा "म्हणाल तसं" म्हणाली तेव्हाच. संध्याकाळी मैदानात त्यांनी पोरांना सांगितलं, "उद्या सण आहे. आपापल्या घरी सण करा. सुतक वगैरे मी बोलण्याच्या ओघात बोललो. वाईट वाटून घेऊ नका." कुणीच वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. पोरं उठली, पँटी झटकल्या, सायकली निघाल्या. कुलपांची खटखट ओळखीची होती. उमाकांत तेवढा जरा मागे रेंगाळला आणि मग तोही गेला.

शुक्रवारी घर बायकांनी भरलं. क्षमाला चंद्रकळा नेसवली, दागिने घातले. काळ्यावर पांढरा हलवा, आणि मधे तिचं लाजून हसणं. सासूबाईंनी हार हातात धरून काटा बघितला आणि "छान हो अक्का, असं आता कोण करतं," म्हणाल्या. अहल्याबाईंची भाजलेली बोटं पदराआड होती. नरसिंहरावांना आनंद झाला, खोटं कशाला सांगा. क्षमा वाकून नमस्कार करून म्हणाली, "तिळगूळ घ्या अण्णा, गोड बोला." त्यांनी घेतला आणि तोंडात टाकला. चांगला झाला होता. तिनं आणखी मूठभर हलवा त्यांच्या हातावर ठेवला, तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला.

बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाचं काम नसतं. नरसिंहराव चप्पल घालून बाहेर पडले. जरा फिरून येऊ असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण पाय कुठे चालले होते ते त्यांना माहीत होतं. तांदळाची गाडी उशिरा आली म्हणून धान्याचं दुकान सण असूनही संध्याकाळी उघडणार होतं, आणि गंगव्वाला त्यांनी मंगळवारी दहा दिवसांचा शब्द दिला होता. गुरुवारी पोरांना मोकळं करताना त्या बाईला सांगायचं मात्र ते विसरले होते.

रांग लांब होती. बायका होत्या, म्हातारे होते, आणि मधे एक तुळतुळीत डोकं होतं. उमाकांतच्या हातात गंगव्वाची पिशवी होती. पायाशी आणखी चार-पाच पिशव्या एकीत एक घालून ठेवल्या होत्या, आणि त्या तो रांगेबरोबर पायानं पुढे सरकवत होता.

"सर? तुम्ही?"

"सहज आलो," नरसिंहराव म्हणाले. "घरी नाही गेलास?"

"घरी पाहुणे आहेत सर. माझं डोकं बघून बाबांना त्रास होतो." मग पिशव्या पायानं नीट करत म्हणाला, "आणि गंगव्वाला काल कुणी सांगितलंच नव्हतं. ती वाट बघत होती."

माणसाला बोलायला सुचेनासं झालं की हात सवयीनं काम करतो. नरसिंहरावांनी खिशात हात घातला आणि हलवा पुढे केला. "घे. गोड बोल."

उमाकांतचा हात अर्ध्यावर आला आणि मागे गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. उलट सरांना वाईट वाटू नये म्हणून तो हळू बोलला.

"नको सर. मला अजून सुतक आहे."

नरसिंहरावांच्या जिभेवर तिळाची चव अजून होती. त्यांना लाज वाटली, अशी की दंतवैद्यासमोरही वाटली नव्हती. हलवा त्यांनी परत खिशात टाकला. मग ते पोराच्या मागे रांगेत उभे राहिले आणि त्याच्या हातातली गंगव्वाची पिशवी त्यांनी ओढून घेतली. घेताना त्याचा हात त्यांच्या हातात आला.

उमाकांत दचकला. "सर, शिवलात मला! घरी सण आहे तुमच्या, आंघोळ करावी लागेल."

"लागू दे," नरसिंहराव म्हणाले. "रांग हलली, पुढं सरक."