काकांचं अडकणारं पिस्तूल

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा देवावर पूर्ण विश्वास होता, पण देवासमोरच्या समईवर अजिबात नव्हता. समई कलंडणारच, असा त्यांचा ठाम समज. त्यामुळे नवी समई आणली की तिला आधी चारी बाजूंनी बोटाने ढकलून बघायचं आणि मगच तिच्यात तेल घालायचं. काका मूळचे नागपूरचे, अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरात एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते, आणि ऑफिसातलं काम ऑफिसात ठेवून घरी येणं त्यांना जन्मात जमलं नाही. छत्री आणली की ती उघडून शॉवरखाली उभे राहायचे. जुनी गाडी घेतली तेव्हा ब्रेक तपासायला म्हणून एका रिकाम्या पार्किंगमध्ये काकूंना मांडीवर इडलीच्या पिठाचं पातेलं देऊन शेजारी बसवलं आणि कचकन ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम निघाले, पीठ मात्र पुढे महिनाभर हीटरच्या झरोक्यातून निघत होतं. एकदा स्मोक अलार्म चालतो की नाही हे बघायला त्याच्याखाली स्टूलवर उभं राहून मिरच्यांची फोडणी धरली, तर कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावातली आमची अख्खी बिल्डिंग घरातल्या चपलांवर बर्फात येऊन उभी राहिली, आणि काका आगीच्या बंबावरच्या माणसाला समाधानाने सांगत होते की अलार्म चांगला आहे. एवढ्या तपासण्या कशाला लागायच्या, तर काका प्रत्येक वस्तू दुकानातली सगळ्यात स्वस्त बघून घ्यायचे. "महागाची वस्तू कोणीही चालवते," ते मला म्हणायचे. "स्वस्ताची चालवून दाखव ना, पोरी."

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच प्रोजेक्टवर आले होते. गाडी नव्हती, थंडी सोसत नव्हती आणि स्वभाव तर विचारूच नका. दर रविवारी काका-काकू मला इंडियन ग्रोसरीला घेऊन जायचे. काका एकेक नारळ कानाशी हलवून बघत, मी मागे उभी राहून चरफडत असे, आणि काकू दोघांकडे दुर्लक्ष करून कढीपत्ता निवडत.

त्या हिवाळ्यात मी दोन आठवडे ताप येऊन पडले होते, तेव्हा ते दोघंच गेले. दुकानाच्या पार्किंगमध्ये एक माणूस आडवा आला. हातात चाकू होता. त्याने काकूंची पर्स मागितली, मग गळ्याकडे बोट दाखवलं. काकूंनी मंगळसूत्र काढून दिलं. काका तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन शेजारी उभे होते. त्यांनी ना पोतं खाली टाकलं, ना ते ओरडले. माणूस निघून गेल्यावरही ते तसेच उभे, शेवटी काकूंनीच पोतं उतरवून घेतलं. हे मला काकूंनी सांगितलं, काकांनी कधीच नाही. त्यानंतर काका माझ्याशी बोलायचे, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी असायची. काकूंनी बाहेर जायचं म्हटलं की ते आधी खाली जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारून यायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण या माणसाला गप्प बघायची मला सवय नव्हती.

आणि मग एके दिवशी काकांनी पिस्तूल आणलं. ग्रीन कार्ड आधीच झालं होतं, आणि ओहायोत परवाना काढून पिस्तूल अंगावर बाळगायला नुकतीच मुभा मिळाली होती. काकांनी परवान्याच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्याला इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी त्यांना जेवायच्या सुट्टीत वेगळं बसवलं. पण पिस्तूल घेताना माणूस बदलला नाही. दुकानातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात स्वस्त ते घेतलं. सुपारीच्या अडकित्त्याएवढं होतं, शर्टाखाली दिसायचंही नाही. दसऱ्याला काकांनी ते पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि गाडीच्या किल्लीशेजारी मांडलं. काकूंनी सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि पिस्तूल तेवढं कोरडं ठेवलं.

ते पिस्तूल म्हणजे निव्वळ डोकेदुखी होती. रविवारी ग्रोसरीच्या आधी आम्ही शूटिंग रेंजवर थांबू लागलो. काचेमागे मी आणि काकू कानांवर ते मोठे हेडफोन लावून बसायचो, आणि काचेपलीकडे काका. दोन गोळ्या नीट सुटायच्या, तिसरीचं रिकामं काडतूस बाहेर पडता पडता अडकून उभं राहायचं. ते काढलं की पुढची गोळी नळीच्या तोंडाशी नाक खुपसून बसायची. एकदा तर ऐन नेम धरलेला असताना गोळ्या भरलेलं मॅगझिनच मुठीतून खाली गळून पडलं. काकांनी ते कंपनीला परत पाठवलं. कंपनीने स्प्रिंग बदलून दिली, तर ते दुसऱ्याच जागी अडकू लागलं. बोथट नाकाच्या गोळ्या त्याला चालायच्या नाहीत, थंडीत ठेवलं की चालायचं नाही, जास्त तेल दिलं की चालायचं नाही. घरात नवा जावई आल्यासारखे सगळे त्याची मर्जी सांभाळत होते.

एका रविवारी काकांनी चाप ओढला आणि नुसतंच टक् झालं. गोळी आत होती, सुटली नव्हती. अशी गोळी उशिराही उडू शकते, म्हणून नळी समोरच धरून थांबायचं असतं. रेंजवरचा माणूस काकांच्या मागे येऊन उभा राहिला आणि हाताने खुणावत होता, थांबा, थांबा. काका दोन्ही हात ताठ करून उभे होते. शेजारी काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. काही झालं नाही. काकांनी ती गोळी काढून ट्रेमध्ये ठेवली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. मी वैतागून म्हणाले की काका, टाका ना ते, नाहीतर चांगलं तरी घ्या एखादं. ते चष्मा पुसत राहिले.

"मी पण असाच आहे ना," ते म्हणाले. "ऐन वेळेवर अडकतो. ह्याला सुधरवता आलं तर बघतो."

त्यांचा नियम साधा होता. गोळ्यांचं एक अख्खं खोकं एकदाही न अडकता संपलं, तर आणि तरच पिस्तूल कमरेला लावायचं. एकदा अडकलं की पुढच्या वेळी नवं खोकं, पहिल्यापासून. मला वाटायचं, हे काही व्हायचं नाही, आणि मनातून मी तशीच प्रार्थना करत होते. पण काका चिवट. काकूंची देवाची भांडी घासायची पावडर घेऊन त्यांनी गोळी जिथून वर चढते ती उतरण रात्र रात्र घासली, आरसा केली तिचा. गोल नाकाच्याच गोळ्या आणल्या. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी अख्खं खोकं संपलं. काका काचेकडे वळले आणि त्यांनी आम्हाला हात केला. कित्येक महिन्यांनी ते सरळ माझ्याकडे बघून हसले. काकू हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी आम्ही ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो. काका स्टिअरिंगवर, काकू शेजारी, मी मागे पिशव्यांमध्ये. अंधार पडला होता. काका किल्ली लावणार, एवढ्यात काकांच्या बाजूच्या काचेवर कुणीतरी ठकठक केलं. जॅकेटची टोपी डोक्यावर ओढलेला एक उंच माणूस, एक हात खिशात. तो काहीतरी बोलत होता, पण काचा बंद, काही कळेना. काकांनी डाव्या हाताने पट्टा सोडला. उजवा हात शर्टाखाली गेला. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या. अडकेल ते."

"नाही अडकणार. मी टेस्ट केलं आहे."

"मग तर अजिबातच नको," काकू म्हणाल्या.

माणसाने पुन्हा काच वाजवली, या वेळी जोरात. काकांचा हात शर्टाखाली, काकूंचा हात काकांच्या हातावर, आणि दोघांपैकी कुणीच हलेना. तो खाली वाकून आत बघत होता. त्याच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं. मग त्याने मान हलवली आणि तो पलीकडच्या गाडीकडे गेला. त्याला आम्हाला लुटायचं होतं, की त्याची बॅटरी उतरली होती, की नुसता रस्ता विचारायचा होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

काकांचा हात अजून तिथेच होता. समोर बघत ते म्हणाले, "मागच्या वेळेस मी हललो नाही."

"नाही हलले, म्हणून तर आपण दोघं घरी आलो," काकू म्हणाल्या. "त्याच्या हातात चाकू होता. तुम्ही एक पाऊल टाकलं असतं, तर मी एकटीच आली असती."

"मी घाबरलो होतो."

"मग? मी पण घाबरली होती. मंगळसूत्राचं काय, दुसरं करता येते."

काका स्टिअरिंगवर कपाळ टेकवून रडले. मी आतापर्यंत कुठल्याही पुरुषाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. मग काकूंनी जागा बदलून गाडी चालवत घरी आणली.

पिस्तूल विकायला काका त्याच दुकानात गेले. दुकानदार घ्यायला तयार होता, पण काकांनीच पिस्तुलाच्या एकूण एक खोड्या इतक्या प्रामाणिकपणे समजावून सांगितल्या की त्याने हात जोडले. शेवटी ते पोलिसांकडे मोडीत काढायला देऊन आले. पुढच्या वर्षी त्यांना सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला नोकरी लागली. मी निरोपाला त्यांना काहीतरी द्यायचं म्हणून चांगल्यापैकी महाग छत्री दिली आणि निघायच्या दिवशी उगाचच त्यांच्याशी भांडले.

परवा फोनवर बोलणं झालं. तिकडे सारखा पाऊस, तरी दोघं संध्याकाळी चालायला जातात म्हणे. रस्ता सुनसान असतो, मध्येच कुणीतरी मागून चालत येतं, काका सांगत होते. मी विचारलं, मग काय करता?

"काही नाही," ते म्हणाले. "तिचा हात धरतो आणि सांगतो, भीती वाटून राहिली."