न वाजलेला बँड

कुंडलिकला दम्यानं गाठलं तेव्हा डिंगोऱ्यातला त्याचा बँड बंदच पडायला आला होता. पण लेक स्वप्नानं ट्रंपेट उचललं आणि सगळे बाप्ये तिच्यामागं चालू लागले. पोरीच्या हाताखाली कसलं वाजवायचं, म्हणून कुरकुरणारा ढोलवाला नवनाथसुद्धा आता तिची भुवई हलल्याशिवाय टिपरू टाकत नाही.

यंदा कळंबला अमृतच्या लग्नाची मिरवणूक होती. ऊन कललेलं, नाच नुसता उतू चाललेला. इतक्यात ठमाबाई नावाची म्हातारी आडवी आली. दिवस भरायच्या आत झालेला तिचा नातू आजच दवाखान्यातून घरी आला होता, पुढच्या गल्लीतल्या घरात नुकताच झोपला होता; तेवढी गल्ली वाजवू नका, म्हणाली. नवरदेवाचे चुलते संपतराव फणकारले, की बँड वाजवायलाच आणलाय.

स्वप्नाला दोघांचंही पटत होतं. अमृतचा हा दिवस पुन्हा येणार नव्हता, आणि त्या एवढ्याशा जिवाला ढोल सोसणार नव्हता. तिनं नवरदेवालाच विचारलं. घोडीवरून वाकून तो म्हणाला, "ताई, माझी ना न्हाई. पण पोरं हिरमुसतील."

"नाच थांबणार न्हाई," ती म्हणाली. "आवाज तेवढा थांबंल."

तिनं ट्रंपेट ओठाला लावलं, गाल टम्म फुगवले आणि फुंकलंच नाही. नवनाथ ढोलाच्या वर हवेतच टिपरू हाणू लागला. पोरं जरा भांबावली, मग चपला हातात घेऊन, हसू दाबत अशी नाचली की डोळ्यांना धारा लागल्या. घोडीच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या. संपतरावांचा एक खांदा उडाला, मग दुसरा. फेटा सुटला तरी त्यांना पत्ता नाही. बँड का थांबला म्हणून मांडवातली मंडळी घाबरून धावत आली आणि तीही चवड्यांवर नाचू लागली. ठमाबाई दारात तोंडात पदर कोंबून हसण्यानं गदगदत होती. बाळ आत गाढ झोपेत.

गल्ली सरली आणि बँड असा कडाडला की नवनाथच्या ढोलाचं पान फाटलं.

मग धरणाकाठच्या डिंभ्याच्या लग्नघरानं 'तो मुका नाच' हौसेनं मागितला. नवनाथ लगेच तयार. स्वप्नानं मात्र चौकशी केली, वाटेत कुणी आजारी आहे का, कुणाची परीक्षा आहे का. कुणाचंच काही नव्हतं.

"मग उगं कशाला गप ऱ्हायचं, राव," ती म्हणाली. त्या दिवशी त्यांनी असं वाजवलं की धरणापलीकडची माणसं होड्या काढून मिरवणूक बघायला आली.