आरशाखालचा दोरा

आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हरकाका धायरीहून निघण्याआधी स्टिअरिंगला कपाळ टेकवून मिनिटभर प्रार्थना करतात. मागून कोणीतरी म्हणतंच, "काका, तुमच्या प्रभूला सांगा, आमचं नऊचं लॉगिन आहे." काका हसतात आणि गाडी चालू करतात.

त्या आठवड्यात शहरात दगडफेक चालली होती. नाव विचारून माणसांना खाली उतरवतात, अशी अफवा होती. एका सकाळी पुढच्या चौकात जमाव दिसला. आरशाखाली काकांचा लाकडी क्रूस हलत होता.

"काका, तो काढा ना," मीच म्हणाले.

त्यांनी दोऱ्यातून क्रूस सोडवून शर्टाच्या खिशात ठेवला. खिशाचं बटण काही केल्या लागेना.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"वाटते ना, मॅडम. म्हणून तर रोज कपाळ टेकतो."

मग ते पुटपुटू लागले. कान दिला, तर आमची नावं होती, ज्या क्रमाने आम्ही बसमध्ये चढतो त्याच क्रमाने. माझं तिसरं होतं.

जमावाने बस जाऊ दिली. पुढे शहरही निवळलं. आरशाखाली तो दोरा मात्र रिकामाच लोंबतो. "आता लावा परत," एवढं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.