खाऱ्या विहिरीची पाहणी

काठेवाडच्या टोकाला बडोदा संस्थानाचा समुद्र होता आणि त्याचा कारभार आम्ही इथून, बडोद्याला विश्वामित्रीच्या काठावरून हाकत होतो. आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी त्यातलाच. तिकडे मोठं बंदर होत होतं. दगडी धक्का समुद्रात लांबवर गेला होता आणि त्याचे नकाशे आमच्या भिंतीवर फार सुरेख दिसत.

धक्क्याशेजारच्या खारव्यांच्या, म्हणजे तिकडच्या दर्यावर्दी मच्छीमारांच्या, वस्तीकडून अर्ज आला. धक्का झाल्यापासून लाटा वळून वस्तीवर येतात, किनारा खचतो, आणि एकुलती एक विहीर खारट झाली आहे. बाकीचं सोसू, पण पाण्यावाचून राहायचं कसं, एवढंच त्यांचं म्हणणं. असले अर्ज एरवी धूळ खात पडत. आमचे साहेब तसे नव्हते. ते स्वतः पाहणीला निघाले आणि टिपणं घ्यायला मला बरोबर नेलं.

महाराजांना जातपात मान्य नव्हती, त्यामुळे कचेरीत कुणालाच ती मान्य नसे. घरी गेल्यावर पुन्हा मान्य होई. साहेबांना मात्र ती खरोखरच मान्य नव्हती. वस्तीच्या म्हाताऱ्या पटेलाने आम्हाला खाटेवर बसवलं, त्याच्या सुनेने तांब्या पुढे केला. ब्राह्मण साहेब खारव्याच्या घरचं पाणी घेतील असं तिथे कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी ते सगळ्यांदेखत प्यायलं आणि आणखी मागितलं. मीही प्यालो. दारात जमलेल्या माणसांचे चेहरे खुलले. मला साहेबांचा अभिमान वाटला. पाणी चांगलं गोड होतं.

मग आम्ही विहीर वाकून पाहिली. कठडा शाबूत होता, पाणी निवळ होतं. पटेल शेजारी उभा होता. अर्जात सगळं लिहिलंच आहे, तेव्हा साहेबांना वेगळं काय सांगायचं, म्हणून तो गप्प. लोकांना त्यांच्याच दारात खोटं कसं पाडायचं, म्हणून साहेब गप्प. परतताना आगगाडीत ते म्हणाले की माणसं भली आहेत, कुणीतरी त्यांना भरीला घातलेलं दिसतं. पाणी आपण स्वतः पिऊन पाहिलं, ते गोड आहे, असं त्यांनी अहवालात लिहिलं. यावर कोण काय बोलणार? तक्रार निकालात निघाली.

पुढे काही महिन्यांनी पटेल बडोद्याला आला. सयाजीगंजात स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरला आणि सकाळी कचेरीत येऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि निकाल समजावून सांगितला. पाण्याची गोष्ट निघाली तसा म्हातारा चमकला.

"ए तो महेमाननुं पाणी हतुं, साहेब," तो म्हणाला.

ते पाणी विहिरीचं नव्हतंच. साहेब यायचे म्हणून त्याची सून पहाटेच आतल्या बाजूच्या गावी गेली होती आणि तिथून डोक्यावर हंडा घेऊन आली होती. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. पटेलाला तो प्रश्नच कळला नसावा.

"महेमानने खारुं पाणी केम पवाय?"

पाहुण्याला खारट पाणी कसं पाजायचं, असं त्यानेच साहेबांना विचारलं. साहेबांनी मला नवा अर्ज लिहून घ्यायला सांगितलं. आपण पुन्हा येऊ, या खेपेला विहिरीतच पोहरा सोडू, वरिष्ठांचं आपण बघू, असं ते भराभर बोलत राहिले. मी टाक उचलला. पटेलाने नको म्हणून हात हलवला. तो तक्रारीसाठी आलाच नव्हता. वस्ती उठली होती. ज्या गावाहून सुनेने पाणी आणलं होतं तिथेच सगळी राहायला गेली होती आणि घरापुरती जागा मिळावी एवढंच त्याला मागायचं होतं.

साहेबांनी विचारलं, त्या गावाहून समुद्र किती लांब?

"त्यां दरियो नथी, साहेब," पटेल म्हणाला. तिथे समुद्र नव्हता; होड्या त्यांनी विकून टाकल्या होत्या.