नजरेचं माप

"पयले माप घेऊ द्या, गुरुजी," म्हणत वाढईबुवा खिशातली सुतळी काढत. शाळेच्या मेजाला दौतीपुरतं भोक पाडायचं, तरी दौतीभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारत.

"अहो, दौतीला कोट शिवताय का?" मी हसायचो.

"कोट सैल झाला तं चालते. भोक सैल झालं तं तुमीच बोंबलान."

बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावचे ते वाढई, म्हणजे सुतार. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

छप्पन-सत्तावन्नची गोष्ट. पतंगावरून भांडण झालं आणि शेजारणीच्या मुलाने वाढईबुवांचाच लाकूड तासायचा वाकस उचलून त्यांच्या एकुलत्या मुलाच्या डोक्यात घातला. पोरगा जागीच गेला. दोघे एकाच पांगुळगाड्यावर चालायला शिकलेले. मारणारा आठ दिवसांनी धाकटा, चौदाचा. माझ्या शाळेच्या रजिस्टरात मात्र सतराचा. नाव घालताना तो थोराड दिसला, मी अंदाजाने साल टाकलं. तारीख तर मी सगळ्यांचीच पहिली जून लिहायचो.

सोळाच्या आतला ठरला तर सुधारशाळा, नाहीतर मोठ्यांचा तुरुंग. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी वाढईबुवा ओसरीवर आले.

"खरं वय सांगा, गुरुजी. सुटून आला का मी त्याले रंधा मारायले शिकवतो. माह्यासमोर बसून काम करू दे त्याले."

"रजिस्टर खोटं म्हटलं तर माझी नोकरी जाईल हो."

ते बराच वेळ सुतळीची गाठ सोडत बसले. "माह्या पोराचं वय तं आता वाढत नाही. याचं कावून वाढवता?"

अमरावतीच्या कोर्टात मी म्हणालो, "रजिस्टर बरोबर आहे." मागे वाढईबुवा बोलायला उठले. शिपायाने त्यांना खाली बसवलं.

मुलाला अकोल्याला मोठ्यांच्या तुरुंगात ठेवलं. वाढईबुवा भेटीला जात, परतताना शाळेपाशी थांबत. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "तुमी लिवलेल्या वयाले पोचला आता." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याच्यासाठी रंधा करत होते. हाताचं माप घ्यायला नेलेली सुतळी तुरुंगाच्या फाटकावरच काढून घेतली. "जिंदगीत पयल्यांदा नजरेनं माप आणलं, गुरुजी."

तो सुटून आला तेव्हा वाढईबुवा नव्हते. रंधा मीच त्याच्या हाती दिला. वयाचं तेव्हाही बोललो नाही, आज लिहितोय. त्याने रंधा रुंद पंज्यात धरून पाहिला. रंध्याची मूठ मात्र चौदा वर्षांच्या हाताची होती.

"लहान पडते, गुरुजी," म्हणत त्याने रंधा माझ्या पायाशी ठेवला आणि बडनेऱ्याची वाट धरली.