भूत एक पान आधीच दिसलं

मंडळी, आज डोकं सणकलंय.

मुलांच्या एका भुताच्या कादंबरीचं मी वर्षभर खपून ग्राफिक नॉव्हेल केलं. उजव्या पानावर मुलगी दार ढकलते आणि पान उलटलं की भूत! प्रत्येक दचका असा पानं मोजून बसवलेला.

आज छापील प्रत मयूर विहारला घरी आली. प्रकाशकांनी मला न विचारता सुरुवातीला स्वतःच्या मनोगताचं एक पान घुसवलंय. पुढची सगळी पानं सरकली. आता दार आणि भूत समोरासमोर!

फोन केला तर म्हणतात, "अरे मॅडम, एक ही तो पेज है!"

माझ्या आठ वर्षांच्या इराने जांभया देत पुस्तक संपवलं.

मनोगतात काय लिहिलंय माहितेय? 'मुलांनो, निर्भय व्हा.'

झाली हो साहेब, निर्भय! एकदाही दचकली नाही.